ग्यानझोळी टिंब कॉम

फलटण, ता. २२ एप्रिल

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलो हे तुझ्या लक्षात आलं असेल, किंवा नसेलही. गेले दोन महिने मी तिथे रोज एखादी वेगळी साइट टाकत होतो. रोज खाली अंगठे यायचे. मला शंका आली, म्हणून परवा मनानेच एक पत्ता जुळवून टाकला. तशी साइट जगात नाही, उघडली तर काहीही दिसत नाही. त्यावरही अंगठे आले, जोडलेले हात आले आणि चंदीगडहून तुझं ‘खूप छान, मामा!’ आलं. तेव्हा ठरवलं, आता पत्र लिहायचं. पत्राला निदान अंगठा दाखवता येत नाही.

वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाचा वेळ जात नाही, असं तुला वाटत असेल. तसं नाही. जानेवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यातून तुझ्या मामीचे हातपाय सावरले, पण बोलणं गेलं ते गेलंच. कळतं सगळं, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. बोलणं शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला येतात. त्यांनी चित्रांची कार्डं दिली आहेत. कप, बस, गाय. मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला गाय दाखवून हे काय आहे म्हणून विचारायचं! तिने कार्ड बाजूला सारलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच गाय झालो. कोणाचा फोन आला की ती तो पालथा घालते. शब्द शोधताना आपल्याला कोणी ऐकलेलं तिला नको आहे.

एकदा तू दिवाळीत दिलेल्या टॅबवर चुकून एक साइट उघडली. परदेशातल्या कोणा माणसाने आपल्या दारासमोरच्या खड्ड्यात आज पाणी आहे की नाही, एवढंच जगाला कळवायला ती काढली आहे. मधोमध एक शब्द, आहे किंवा नाही. बाकी सगळं कोरं. तुझी मामी ते बघून हसली. चक्क आवाज करून हसली. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, जे त्यांना ओढून घेईल ते दाखवा, पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. तेव्हापासून मी असल्या विचित्र साइटी धुंडाळतोय. रस्त्यात पडलेल्या एकेकट्या चपलांचे फोटो, देशोदेशीच्या कोंबड्यांच्या बांगा, एका गोठ्यात रवंथ करणाऱ्या शेळ्या. पत्ते मागच्या पानावर मराठीत लिहिले आहेत, कारण माझ्या इंग्रजी अक्षरात आर आणि व्ही जुळी भावंडं दिसतात.

तू दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसलेली असतेस. तुला याहून चांगल्या सापडतील. शोध आणि लिही. पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवीन. पत्र ती ऐकते.

लोभ आहे. तो वाढव असं म्हणत नाही, आहे तेवढा वापर.

तुझा,
नामदेवमामा

—

खरड, ता. ४ मे

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ‘खूप छान’बद्दल काय बोलू? बसस्टॉपवर उभी होते, उन्हात स्क्रीन दिसत नव्हता आणि तुम्ही पाठवलंय म्हणजे छानच असणार असं धरून चालले. यापुढे उघडल्याशिवाय छान म्हणणार नाही, पक्का.

पण मामा, तुम्ही पत्ते मराठीत का लिहिता यार? ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू टिंब पडल’ हे मी कसं वाचायचं? मी केलं तसं टाइप, तर पाण्याच्या खड्ड्याऐवजी होड्यांची वल्ही विकणारं दुकान उघडलं. अजून मला त्या वल्ह्यांच्या जाहिराती येताहेत आणि मी राहते चंदीगडबाहेर खरडला, जिथे नळालाही पाणी येईल याची खात्री नाही. कोंबड्यांचं तर विचारूच नका. त्यात सी घालायचा की के, हे ठरवता ठरवता माझी जेवणाची सुट्टी संपली. चपलांची तेवढी पहिल्या फटक्यात उघडली, ती नेमकी ऑफिसात. दुसऱ्या दिवशी मनदीपजींनी, म्हणजे आमच्या वरिष्ठांनी, बोलावून घेतलं. कंपनीच्या कॉम्प्युटरवर कोण काय बघतं याची त्यांच्याकडे नोंद जाते. त्यांनी गंभीरपणे विचारलं की माझी चप्पल हरवली आहे का. मोहालीच्या अख्ख्या ऑफिसात मी आता चप्पलवाली आहे.

मला खरंच वैताग आलाय. मामी तिकडे गप्प बसली आहे आणि आपण शेळ्या मोजतोय. मी चौकशी केली. बोलण्याचा सराव करून घेणारं एक चांगलं अॅप आहे. ते मी तुमच्या टॅबवर इथूनच टाकलं आहे. ते वापरा. शास्त्रशुद्ध आहे.

आणि हो, हे पत्र फोनवर टाइप करून छापून घेतलंय. हाताने मराठी लिहायची सवय राहिली नाही. मामीला सांगू नका. पण तुम्ही मोठ्याने वाचता, म्हणजे तिला कळलंच.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात बसून अभ्यास केला. ती बोलत नाही हे मला सहन होत नाही. म्हणून चिडते आहे, तुमच्यावर नाही.

माया आहेच, ओरडलात तरी चालेल.

तुमची,
कादंबरी

—

फलटण, ता. १५ मे

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं शास्त्रशुद्ध अॅप लावलं. पडद्यावर ग्लास आला, मामीने ग्लासवर बोट ठेवलं, तर आतून एक बाई ‘बहोत बढिया!’ म्हणून ओरडली आणि टाळ्या वाजल्या. मामीने टॅब उचलून फ्रीजवर ठेवला. तिथे तिचा हात पोचतो, माझाही पोचतो, पण मी तो दोन दिवस काढला नाही. काढायची हिंमत झाली नाही म्हण.

बाकी साइटीही संपत आल्या. कोंबडे तिने ऐकून घेतले, पाहुण्यांच्या पोराचं गाणं ऐकावं तसे. शेळ्या बघता बघता डोळा लागला. खड्ड्याचं रोज सकाळी बघते, पण आता हसत नाही, नुसती मान हलवते. एकही शब्द नाही. काल मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, मी दिवसभर डोळे फोडून हे शोधतो, तू निदान प्रयत्न तर कर. ती उठून आत गेली. मग मी बाहेर पडलो आणि वाचनालयात जाऊन बसलो. आपण किती वाईट वागलो हे मला तिथे जाऊन कळलं, घरी कळलं नव्हतं.

वाचनालयात एका पुरवणीत एका मराठी साइटीबद्दल दोन ओळी होत्या. कोणीतरी जुने मराठी शब्द त्या त्या गावच्या माणसांच्या आवाजात साठवून ठेवले आहेत म्हणे. हे तुझ्या मामीचं खास. पत्ता मराठीतच छापला होता, ज्ञानझोळी टिंब कॉम. माझ्याच्याने उघडत नाही. टॅब म्हणतो, असं पान नाही. तू ते शोधून काढ. बाईंचे सहा महिने जुलैत संपतात.

तुझं छापील पत्र तिने हातात घेऊन पाठपोट बघितलं आणि मला परत दिलं. तेवढ्यात काय ते समज.

चिडलीस तरी लोभ कमी करू नकोस. इथे त्याचीच टंचाई आहे.

तुझा,
मामा

—

खरड, ता. २५ मे

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

सापडली! आणि तुमच्याकडे का उघडत नाही ते मला कळलेलं नाही, कारण माझ्याकडे पहिल्या झटक्यात उघडली. ग्यानझोळी टिंब कॉम. तुम्ही काहीतरी भलतंच टाइप करत असणार.

पण पुरवणीवाल्यांनी ती नीट पाहिलेली दिसत नाही. ग्यानझोळी मराठी नाहीच, हिंदी आहे. इथलेच एक निवृत्त गृहस्थ आहेत, रणबीर सूद नावाचे, सेक्टर ३० मध्ये राहतात. त्यांनी काय केलंय, तर बाराखडीतलं प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या माणसाच्या आवाजात भरून ठेवलंय. क दाबला की एक भाजीवाला क म्हणतो. ट दाबला की बँकेतल्या बाई. ढ त्यांच्या नातीने म्हटलाय आणि मग ती खुदकन हसते. बस एवढंच, पुढे काही नाही. का केलं, कोणासाठी केलं, कुठेही लिहिलेलं नाही. मी पूर्ण दुपार, म्हणजे रविवारची दुपार, ऑफिसची नाही, ग्यानझोळीतच होते.

मला वाटतं मामीला हे आवडेल. अॅपसारखं कोणी टाळ्या वाजवत नाही आणि गायही विचारत नाही. मी विग्यान शाखेला असताना ती मला स्वयंपाकघरात उच्चार शिकवायची ते आठवलं. तेव्हा मी कंटाळायचे. आता इथे दिवसभर हिंदी नाहीतर इंग्रजी, रिक्षात पंजाबी, आणि मराठी फक्त छापील.

इकडे ऊन भयंकर आहे. परवा ऑटोच्या लोखंडी दांडीला हात लागला तो भाजलाच. ऑफिसात आमच्यावर नवं काम आलंय आणि जुनं गेलेलं नाही. पण ग्यानझोळी लावून बघा आणि लगेच कळवा. या वेळी खरंच उघडून, ऐकून म्हणते आहे, खूप छान.

तुमच्या दोघांच्या मायेवरच चाललंय, ती आटवू नका.

तुमची,
कादंबरी

—

फलटण, ता. १ जून

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतोय. तुझी मामी बोलली.

झालं ते असं. तुझं पत्र मी जेवणानंतर वाचायला घेतलं. मी जे लिहिलेलं असतं तेच वाचतो, तुला माहीत आहे. पहिली ग्यानझोळी आली तेव्हा तिने हातातलं निवडणं थांबवलं. दुसरी आली तेव्हा ताट खाली ठेवलं. मला वाटलं, साइट आवडलेली दिसते. मी जोरात वाचू लागलो. शेवटी ‘विग्यान’ आलं आणि तिने जमिनीवर हात आपटला. तोंड लाल झालेलं. आणि म्हणाली, ज्ञ. तिने परत म्हटलं, ज्ञ, विज्ञान. मग तोंडातल्या तोंडात काही जुळवलं आणि म्हणाली, गाढव. हे तुला उद्देशून होतं. मी तिला विचारून खात्री करून घेतली.

तुझ्या लक्षात आलं का गं काय झालं ते? पत्ता ज्ञानझोळी होता. आपण मराठी माणसं त्याला डी आणि एन लावतो. तू चंदीगडचं पाणी पिऊन जी आणि वाय लावलास आणि भलत्याच्याच झोळीत हात घातलास. फोनवर टाइप केलंस म्हणून पत्रातही तेच उमटलं. आपली मराठीवाली बंद पडली असावी, कारण डी आणि एन लावूनही माझ्याकडे काही उघडत नाही.

आनंद तर झालाच. रडलोही, लपवत नाही. पण खरं सांगू, राग पण आला. मी खड्डे, शेळ्या, कोंबडे, जगभरच्या चपला हिच्या पुढ्यात घातल्या, आणि हिची वाचा फुटली ती तुझ्या ग्यानाने! बाई म्हणाल्या, असं होतं, वैतागाच्या भरात शब्द आपोआप निसटतो. मग एक कर. पुढच्या पत्रात भरपूर चुका घाल. न आणि ण, श आणि ष, सुचेल तिथे घाल. लाजू नकोस.

तुझ्या अशुद्ध हातांवर आमचा लोभ आहे.

तुझा,
मामा

—

खरड, ता. ६ जून

ती. स्व. मामांस शा. न. वी. वी.

इकडे काल लै वादल झालं आनी लाईट गेली. पानी पन आलं नाही. मी विग्यान आनी तंत्रग्यानाच्या जोरावर मेनबत्ती लावली. आमच्या हापिसात एक नविन कर्मचारि आला आहे, तो फार प्रामानीक आहे. मि त्याला ग्यानझोळी दाखिवली. तो मनाला, खुप चान.

एक नवी साईट सापडली. तीच्यात येक मानूस रोज आपल्या खीडकीतुन दिसनाऱ्या ढगाला बाळाचं नाव ठिवतो. कालच्या ढगाचं नाव मला लई आवडलं पन लक्ष्यात नाही.

तुमचि आग्याधारक,
कादंबरि

—

फलटण, ता. १७ जून

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चूक माझी आहे, मीच तुला लिहायला सांगितलं.

‘पानी’पर्यंत वाचलं तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली आणि मी मनात खूश झालो. मग तिने हात पुढे केला, पत्र माझ्याकडून घेतलं, चष्मा लावला आणि स्वतः वाचलं. शेवटपर्यंत. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि एकच शब्द बोलली. मुद्दाम.

त्याला आज आठवडा होत आला. त्यानंतर एक अक्षर नाही. टॅब लावला तर भिंतीकडे तोंड करते. खड्ड्याचंही बघत नाही. बाईंना दार उघडते आणि गप्प बसून राहते. मी समजूत काढायला गेलो तर असा हात केला, की पुरे. गायीचं कार्ड परवडलं, ते निदान गाय म्हणून समोर यायचं. आपण दोघांनी तिला खेळवलं, आणि तिच्याच विषयात खेळवलं. तिला तेच लागलंय.

आता काय करायचं ते मला सुचत नाही. जुलै आलाच. तुला सुचलं तर लिही, पण मला लिहू नकोस. तिला लिही. वाचून दाखवायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

इथे दोघांतला लोभ तूर्त बिनबोलाचा आहे. तुझा तेवढा शब्दांत येऊ दे.

तुझा,
मामा

—

खरड, ता. २२ जून

ती. स्व. मामीस सा. न. वि. वि.

हे पत्र हाताने लिहिते आहे. अक्षर बघून वैतागशील, पण छापील नको वाटलं. मागचं पत्र मुद्दाम होतं. त्याच्या आधीचं नव्हतं. हे पण नाही. बाकी माफी वगैरे मागायला बसले तर तू अर्ध्यातच ठेवून देशील, म्हणून मुद्द्याचं लिहिते.

काल मी त्या सूदजींकडे गेले होते. खरडहून बस, मग ऑटो, मग सेक्टर ३० मध्ये एकसारख्या घरांच्या रांगेत चुकत चुकत. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. त्यांच्या साइटीवर ज्ञ दाबला की एक सरदारजी खणखणीत ग्य म्हणतात, आणि त्या ग्यमुळे आमच्या घरात एवढं रामायण झालं. मी त्यांना म्हटलं की आमच्याकडे असं म्हणत नाहीत. ते म्हणाले, बेटाजी, सगळा देश असंच म्हणतो. मी म्हटलं, सगळ्या देशात महाराष्ट्र पण आहे. माणूस सज्जन आहे. त्यांनी लगेच माईक पुढे केला आणि म्हणाले, मग तुम्हीच म्हणून दाखवा.

मामी, मला म्हणता आलं नाही. मी तोंड उघडलं आणि दग्य असं काहीतरी आलं. परत म्हटलं, तर दिन्य. मग नुसतंच ग्य. त्यांनी ते लावून मला ऐकवलं. त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्याही ऐकून हसल्या. सूदजी म्हणाले, ये तो ना आपका हुआ, ना हमारा. मला इतकी लाज वाटली की मी चहा न पिताच निघाले. बसमध्ये तोंडावर ओढणी घेऊन सेक्टर ४३ पासून खरडपर्यंत ज्ञ ज्ञ करत आले आणि बाजूची बाई सरकून बसली.

तू दोन वर्षं माझ्याकडून घोकून घेतलंस ते कुठे गेलं कळत नाही. मला खरंच येत नाही गं. तिथे आत असतं, ऐकू येतं, आणि तोंडातून दुसरंच निघतं. चिडचिड होते नुसती. हे तुला सांगायला नको.

सूदजींनी जागा मोकळी ठेवली आहे. महाराष्ट्रातून कोणी नीट म्हणून पाठवलं तर ग्यच्या शेजारी लावीन म्हणाले. नाही आलं तर सगळ्या देशाचा ग्य एकटाच राहील. तुला बरं वाटावं म्हणून मी हे सांगत नाही. माझ्या ओळखीत ते नीट म्हणणारी तूच आहेस. जमत असेल तर म्हण. नसेल तर नको, मग कोणीच नको.

रागावलीस तरी माया ठेव.

तुझी,
कादंबरी

—

फलटण, ता. १२ जुलै

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तिने एकटीने वाचलं आणि आपल्या उशाशी ठेवलं. मला दाखवलं नाही. मी विचारलंही नाही, नंतर ती झोपली असताना चोरून वाचलं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिने स्वतः टॅब आणून माझ्यापुढे ठेवला आणि माईकचं चित्र दाखवलं.

तीन-चार दिवस आम्ही ज्ञच्या मागे होतो. ती म्हणायची, मी भरायचो, ती ऐकायची आणि बोटाने पुसून टाकायला लावायची. मला प्रत्येक वेळचा उत्तम वाटायचा. मी तसं म्हटलं की माझ्यावरच डोळे वटारायची. एकदा नुसता द् आला. एकदा न्य आला आणि द् राहिला. एकदा खोकला आला. दुपारी तिने टॅब ढकलून दिला, संध्याकाळी परत ओढला. शेवटी एकदा तिने डोळे मिटून सावकाश म्हटलं, आणि आला. स्वच्छ, वर्गात यायचा तसा. तिने मान डोलावली. मी घाईघाईने पाठवून दिला, तिचं मन बदलायच्या आत.

गेल्या आठवड्यात सूदांनी तो लावला, आम्हाला आज कळलं. आम्ही दोघं बघायला बसलो. त्यांच्या सरदारजींच्या शेजारी मराठी ज्ञ म्हणून जागा केली आहे. दाबलं. तुझ्या मामीचा आवाज आला, ज्ञ, आणि पाठोपाठ हळूच, घाई नको. मी कपाळावर हात मारला. भरणं बंद करायला मला उशीर झाला होता. वर्गात अडखळणाऱ्या पोरींना ती घाई नको म्हणायची ना, तसं ती स्वतःलाच म्हणाली होती, आणि तेही त्यात गेलं.

सूदांना मराठी येत नाही. त्यांना तो उच्चाराचाच भाग वाटला. त्यांनी खाली हिंदीत टीप लिहिली आहे की मराठीत हे अक्षर ‘द्न्य घाई नको’ असं म्हणतात आणि शेवटचा भाग हळू म्हणायचा. लोक सराव करताहेत! पटियाळ्याच्या एका बाईंनी आपला आवाज पाठवलाय. त्या द्न्य घाई नको म्हणतात. अंबाल्याचे एक आजोबा म्हणतात. एक लहान मुलगी म्हणते, आणि अगदी हळू म्हणते.

मी हसू दाबत होतो. तुझी मामी हसत नव्हती. तिचा चेहरा तापत गेला, ओठ हलायला लागले, आणि मी गप्प राहिलो. या वेळी काहीही सुचवायचं नाही असं ठरवून गप्प राहिलो. ती म्हणाली, त्या माणसाला सांगायला हवं, घाई नको हे ज्ञमध्ये येत नाही. एवढं सगळं. सलग. मध्ये एकदा थांबली, पण पुढचा शब्द तिने स्वतः आणला.

मी म्हटलं, आत्ता कळवतो त्यांना, दोन ओळी लिहितो. तर म्हणाली, तुम्ही नको, मी सांगते.

साइटीवर सूदांचा नंबर होता, तो मी लावून दिला आहे. ती आत टॅब समोर धरून बसली आहे, सरळ उभा. पलीकडे घंटा वाजते आहे. लोभाबिभाचं पुढच्या वेळी. मला आत जाऊन ऐकायचं आहे.

तुझा,
मामा